स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचें पंचांग

घरांतील कोणतीही खोली दुरुस्तीस काढली तर तिच्यांतील माणसांस व सामानास चार दिवस दुसरीकडे हलवितां येतें. दिवाणखान्याचा गिलावा वाळेपर्यंत पाहुण्यांस ओसरीवर बसवितां येतें. माजघराची फरशी बदलतांना बिछाने माडीवर नेतां येतात. स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी आहे. तेथील कामास आरंभ झाल्यापासून तें संपेपर्यंत घरांतील माणसांस रोज दोन वेळां भूक लागतच असते. यामुळें या एका खोलीच्या बाबतींत काय करावयाचें यापेक्षां केव्हां व कोणत्या क्रमानें करावयाचें हा प्रश्न नेहमींच अधिक अडचणीचा ठरत आला आहे. पेशव्यांच्या मुदपाकखान्यावर खर्च काय होई, याची विचारपूस आमच्या संशोधकांनीं केली. परंतु साध्या गृहस्थाच्या घरीं जुनी चूल मोडून नवी केव्हां घालीत, भिंत केव्हां लिंपीत, आणि तेवढ्या दिवसांत भाकरी कोठें भाजीत, याकडे लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

हा विचार एखाद्या ठराविक मुलुखापुरता केला तरच कांहीं हातीं लागेल, म्हणून आम्हीं बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुका निवडला आहे व त्यांतील चकलांबा हें गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. गोदावरीच्या दक्षिणेस पसरलेला हा तालुका १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या सत्तेखालीं होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला व १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. चकलांब्याचें नांव घेतलें तें तेथें कांहीं अघटित घडलें म्हणून नव्हे. मराठवाड्यांतील शेंकडों गांवांत जें घडत आलें तेंच तेथेंही, म्हणूनच.

या बाजूचें जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. दगडमातीच्या जाड भिंती, आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर चिरफळ्या, चिरफळ्यांवर पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सर्वांच्या वर पांढरीची माती, अशी त्याची रचना. घराचा विस्तार फुटांत न सांगतां खणांत सांगत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. ज्या मातीवर गांव वसलें ती पांढरी व जी नांगरावयाची ती काळी, हा भेद महाराष्ट्रांत फार जुना असून माळवद घालणारास तो पोथीवांचून ठाऊक असे. काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हांत भेगाळते. डोक्यावर पाहिजे ती पांढरीच. स्वयंपाकघर बहुधा घराच्या अगदीं आंतल्या अंगास, खिडकीवांचून. उजेड येण्यास व धूर जाण्यास माळवदांत एक भोंक ठेवीत, त्यास साणें म्हणत. चूल, तिच्या बाजूस वैल, मागें भानवस, कोपऱ्यांत उतरंड आणि भिंतींत दिव्यापुरता कोनाडा, एवढ्यांत सारें आटोपे.

अशा घराची दुरुस्ती दोन पंचांगांवर चाले, एक जोश्याचें व दुसरें आभाळाचें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत स्वयंपाकाची जागा आग्नेयेस सांगितली आहे व ती पुष्कळ घरांतून आजही पाळली जाते. महिन्यांच्या बाबतींत मुहूर्तग्रंथांचा कल वैशाख, मार्गशीर्ष, फाल्गुन यांकडे आहे. श्रावणासही कित्येकांनीं मान्यता दिली आहे. परंतु ग्रंथानें परवानगी दिली म्हणून भर श्रावणांत माळवद उकलणारा शेतकरी आम्हांस तरी ठाऊक नाहीं. त्याचा खरा जोशी म्हणजे मृग. रोहिणी नक्षत्र मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास लागतें व मृग जूनच्या ७ तारखेच्या सुमारास. त्यापूर्वीं माळवदावर नवी माती पडली पाहिजे, भिंतींच्या भेगा बुजल्या पाहिजेत, आंतील लिंपण खडखडीत वाळलें पाहिजे. ही सीमा कोणाच्या रदबदलीनें हलत नसे. अलीकडून पाहिलें तर रब्बीची ज्वारी निघून खळें होईपर्यंत ना बैल मोकळे, ना माणसें. म्हणजे खळें उठल्यापासून मृगापर्यंत जे दीड-दोन महिने उरत, तेवढेच दुरुस्तीचे. शेवटची तारीख आधीं धरून तिच्यापासून मागें दिवस मोजीत यावें, ही जी रीत आज मोठमोठ्या कारखान्यांतून शिकविली जाते, ती येथील कुणब्याच्या अंगवळणीं पडलेली होती. त्या मोजणींत घाई मात्र नसे, कारण माती सुकण्यास जो वेळ लागतो तो पैशानें कमी करतां येत नाहीं. वैशाखाचें ऊन हें येथें अर्धें गवंडीकाम करीत असे.

या हिशेबांत एक खातें कोरें राहिलें होतें. पुरुषांस जे महिने मोकळे, तेच बायकांस वर्षांतील सर्वांत कष्टाचे. कुरडया, पापड, शेवया, सांडगे यांचें वाळवण चैत्र-वैशाखांतच व्हावयाचें. वर्षाचें तिखट कुटावयाचें तें त्याच उन्हांत. आंबा उतरला कीं लोणचें. धान्य निवडून, त्यास ऊन देऊन कणगींत भरावयाचें तेंही पावसापूर्वीं. आणि लग्नें याच दिवसांत. ज्या आठवड्यांत स्वयंपाकघर मोडावयाचें असें घरधन्यानें ठरवावें, त्या आठवड्यांत त्या स्वयंपाकघरावर कामाचा बोजा दुप्पट असे. शिवाय दुरुस्तींतलें अर्धेंअधिक काम पुन्हां बायकांचेंच. माती चाळणें, भिजविणें, तींत भुसा व शेण कालवून ती तुडविणें, भिंती लिंपणें, जमीन चोपून सारवणें, हें सर्व त्या करीत. सुतारास बलुतें मिळे, गवंड्यास रोज मिळे. लिंपणारीचे दिवस कोणी मोजले नाहींत.

असें असूनही क्रमाचें खरें ज्ञान तिच्यापाशींच होतें. जुन्या चुलीस हात लावण्यापूर्वीं पडवींत किंवा परसांत तीन दगड मांडून दुसरी चूल पेटती झाली पाहिजे, हा तिचा पहिला नियम. आजचे हौशी गृहस्थ प्रथम कुदळ मागवितात व जेवणाचा विचार दुपारीं बारा वाजतां करितात. तिला हें चालण्यासारखें नव्हतें. नवी चूल तर ती त्याच्याही आधीं घालून ठेवी. माती दोन दिवस भिजवावयाची, तींत भुसा किंवा घोड्याची लीद मिसळावयाची, एक थर जरा आवळला कीं दुसरा द्यावयाचा, आणि सारें सांवलींत हळूहळू सुकूं द्यावयाचें. कडक उन्हांत घाईनें वाळविलेली चूल तडकते. बारीक भेगा दिसल्या कीं पातळ मातीचा हात फिरवावयाचा. पहिल्या दिवशीं मोठा जाळ न करतां थोड्या काटक्यांवर चूल नुसती शेकावयाची. यांत आठवडा सहज जाई. भिंतींचें लिंपण वाळून जमीन सारवून झाली म्हणजे तयार चूल आंत बसे, व परसांतील तीन दगड दुसऱ्या कामास मोकळे होत. सामान, हवा आणि रोजची भाकरी या तिन्हींचा मेळ घालणारी ही योजना होती, आणि ती कोणीही कागदावर उतरविलेली नव्हती.

तिचीं उणींही सांगितलीं पाहिजेत, नाहीं तर इतिहासाच्या नांवाखालीं आम्ही जुन्याचे गोडवे गात बसलों असें होईल. पहिलें उणें धुराचें. पावसाळा लागला कीं साण्यावर गाडगें किंवा दगडाचें झांकण पडे व चार महिने धूर घरांतच कोंडे. ओलें सरपण, बंद साणें आणि चुलीपुढें बसलेली बाई, हें चित्र ज्यानें पाहिलें आहे त्यास त्या डोळ्यांची लाली विसरतां येणार नाहीं. दुसरें उणें याहून भयंकर. दरवर्षीं माळवदावर नवी माती टाकण्याचा दिवस या पंचांगांत होता. जुनी माती उतरविण्याचा नव्हता. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढत गेले आणि कांहीं घरांचें छत दोन फुटांहून जाड झालें. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहांटे किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या दगडी भिंती ढांसळून हाच भार झोंपलेल्या माणसांवर आला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसें मृत्यू पावलीं. त्या दिवसापासून मराठवाड्यांत माळवदाखालीं निश्चिंतपणें झोंपणें कठीण झालें, व सिमेंटाच्या घराची ओढ वाढली ती केवळ फॅशन म्हणून वाढली असें म्हणणें अन्यायाचें होईल.

धुराचा प्रश्न याच्या पुष्कळ आधीं कांहीं बाहेरच्या माणसांनीं हातीं घेतला होता. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें केंद्र वर्ध्यास मगनवाडींत होतें. मगन चूल म्हणून जी बिनधुराची मातीची चूल पुढें प्रसिद्ध झाली ती तेथली. आमच्या विषयास अधिक जवळची हकीकत हैदराबादची आहे. चकलांबा ज्या राज्यांत तेव्हां होतें त्याच्या राजधानींतील अभियांत्रिकी संशोधनशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीं मातीचीच पण एकाच जाळावर अनेक भांडीं तापविणारी, धुराड्याची व जाळ आवरण्यास झडपा असलेली चूल तयार केली, आणि १९५३ सालीं मद्रासेहून 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. कोट्यवधि घरांचा विचार करणाऱ्या या इंजिनियराबद्दल आम्हांस आदर वाटतो. राजसत्तेनें नेमलेल्या विद्वानानें चुलीपुढें बसून विचार करावा हें आमच्याकडे वारंवार घडत नाहीं.

तथापि धुराड्यास छतांतून वाट लागते, आणि माळवदास नवें भोंक पाडणें ही सामान्य गोष्ट नव्हे. तें मृगापूर्वीं पाडून, त्याच्या कडा पांढरीनें लिंपून, त्या वाळवून घेतल्या तरच निभाव लागतो. आषाढांत कोणी उत्साहानें पाडलें तर पहिल्या झडींत घर गळूं लागेल व दोष चुलीवर येईल. शिवाय धुराडें वेळोवेळीं झाडावें लागतें. पुढें १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. तो २००२ सालीं आटोपेपर्यंत सुमारें साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली. पण त्यांतील पुष्कळशा थोड्याच काळांत निकामी झाल्या. सरकारी अनुदान चूल बसविण्याच्या दिवसापुरतें होतें. तिची डागडुजी, धुराड्याची सफाई, फुटलेल्या नळीची बदली, यांचा दिवस व पैसा योजनेंत धरलेला नव्हता. जुन्या गृहिणीचें रोज सकाळचें पोतेरें हें वस्तुतः चुलीच्या डागडुजीचेंच वेळापत्रक होतें, हें दिल्लीस कोणी कळविलें नसावें.

युरोपांतही याहून फार निराळें घडलें नाहीं. १९२६ सालीं मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईनें फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं जें स्वयंपाकघर आंखलें, त्यांत पावलें व सेकंद मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरविली होती. तसलीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधण्यांत आलीं, आणि आजच्या ओट्याच्या स्वयंपाकघराची ती आजी म्हणतां येईल. गंमत एवढीच कीं तोंवर आपण स्वतः कधीं स्वयंपाक केलेला नव्हता, असें त्या बाईनेंच पुढें सांगून ठेविलें आहे. वेळापत्रकाचें शास्त्र त्याच्याही नंतरचें. १९५७ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनींत एक पद्धति निघाली. कोणत्या कामावर कोणतें काम अवलंबून आहे हें मांडून, त्यांतली जी सांखळी सर्वांत लांब असेल तिच्यावर नजर ठेवावी. सारें काम तितक्या दिवसांच्या आंत पुरें होणें शक्य नाहीं. ही पद्धति चकलांब्याच्या जुन्या स्वयंपाकघरास लावली तर सर्वांत लांब सांखळी मातीच्या सुकण्याची निघेल. नव्या स्वयंपाकघरास लावली तर ती सांखळी कशाची निघेल? आमच्या मतें याच प्रश्नांत सारा विषय सांठविलेला आहे.

नवें सामान या भागांत उशिरां आलें. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची आगगाडी १९०० सालीं जालना व औरंगाबादवरून मनमाडास जाऊन भिडली. बीड शहरांत आगगाडी शिरण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळांत शहाबादी फरशी, कडप्पा, सिमेंटाचीं पोतीं, जें काय यावयाचें तें बैलगाडीनें व पुढें मालमोटारीनें आलें. मुंबईंत १९५५ सालीं टांकींतला गॅस घरोघर मिळूं लागला. खेड्यांतील गरीब घरांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोंचला तो २०१६ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर. चुलीपुढें बसणारी बाई ओट्यापुढें उभी राहिली. हा बदल सर्वांस दिसला. त्यासरशी दुरुस्तीचें पंचांगही उलटें झालें, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आलें.

कारण असें कीं माती सुकून घट्ट होते, आणि सिमेंट सुकून घट्ट होत नाहीं. त्याचा पाण्याशीं संयोग होऊन तें कठीण बनतें. पाणी आधींच उडून गेलें तर तें कच्चें राहतें व भेगाळतें. म्हणूनच नव्या गिलाव्यास व ओट्यास किमान सात दिवस, आणि उष्ण कोरड्या हवेंत दहा दिवस, सतत ओलें ठेवावें असा बांधकामाचा दंडक आहे. त्याची ताकद तपासावयाची ती अठ्ठाविसाव्या दिवशीं. गवंडी यास पाणी मारणें म्हणतात. आतां बीड जिल्ह्यांतील वैशाख आठवावा. १९७२ चा दुष्काळ राहूं द्या. २०१३ व २०१६ च्या उन्हाळ्यांत या जिल्ह्यांतील गांवोगांवीं पिण्याचें पाणी टँकरनें पुरवावें लागलें. ज्या घरीं हंडाभर पाण्यासाठीं रांगेंत उभें राहावें लागतें, तेथें ओट्यास दिवसांतून तीनदां पाणी कोण मारणार? जो वैशाख मातीच्या स्वयंपाकघरास अमृतासारखा, तोच सिमेंटाच्या स्वयंपाकघरास विषासारखा झाला. सामान बदललें आणि महिना तोच राहिला. दोन वर्षांत पोपडे सोडणारा गिलावा व मधोमध चिरलेला ओटा पाहून लोक सिमेंटाच्या कंपनीस शिव्या देतात. आमच्या मतें पुष्कळ वेळां अपराध पंचांगाचा असतो. सिमेंटाच्या कामास या भागांत खरा महिना कार्तिक किंवा मार्गशीर्ष. विहिरींस पाणी असतें, ऊन मवाळ असतें, आणि मुहूर्तग्रंथही मार्गशीर्षास प्रतिकूल नाहींत.

पण येथें या जिल्ह्याचें खास दुःख आडवें येतें. बीड हा ऊंसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा कोयता घेऊन हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत कारखान्यांच्या फडांवर जातात, पांचसहा महिने पाचटाच्या कोपींत राहतात, आणि चैत्र-वैशाखांत परततात. मुकादमाकडून उचल मिळते ती निघण्यापूर्वीं. म्हणजे हातांत पैसा असतो तेव्हां दिवस नसतात. परतल्यावर दिवस असतात, तेव्हां पैसा फिटलेला किंवा उरलेला थोडा, आणि विहीर कोरडी. ज्या कार्तिकांत त्यांच्या गांवीं ओटा बांधण्यास हवा उत्तम, त्या कार्तिकांत ती बाई शेंकडों मैलांवर कोपीपुढें तीन दगड मांडून भाकरी थापीत असते. शहरांतल्या गृहिणीस दुरुस्तीचे दिवस निवडतां येतात. हिला निवडतां येत नाहींत, आणि हा फरक ज्या योजनेंत धरलेला नाहीं ती योजना या जिल्ह्याच्या कामाची नव्हे.

यांतून वाट काढावयाची तर कामाचे दोन भाग करावे लागतात, व जाणते गवंडी तसें सुचवितात. पाण्याची नळी, सांडपाण्याची मोरी, विजेच्या तारांच्या खांचा, जुन्या भिंतींची फोड, हें कोरडें व धुळीचें काम वैशाखांत करून घ्यावें. त्यांतही मोरीचा उतार आधीं ठरवावा, मग नळ, मग तारा. भिंत एकदां गुळगुळीत झाल्यावर ती पुन्हां फोडविणारा गृहस्थ आम्हीं गांवोगांवीं पाहिला आहे. ओलें काम, म्हणजे गिलावा व फरशीखालचा थर, पहिल्या चांगल्या पावसानंतर, छत पक्कें असल्यास आषाढ-श्रावणांतही करतां येतें. तेव्हां पाणी मारण्याची अर्धी जबाबदारी आभाळच घेतें व कामगार कुटुंब घरीं असतें. जोश्याचा जो श्रावण माळवदानें नाकारला होता, तो सिमेंटानें असा परत आणला. ओटा मात्र ओतीव न करतां कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर आडवी फरशी बसवून करावा. त्यास चुना-सिमेंट थोडें लागतें, पाणी थोडें लागतें, आणि दोन दिवसांत तो उभा राहतो. रंग सर्वांच्या शेवटीं, भिंतींतील ओल पुरती गेल्यावर. मराठवाड्यांत भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात. त्या दिवशींचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक नव्या ओट्यावर व्हावा अशी घरांतल्या बाईची इच्छा असते. मृगाप्रमाणें ही तारीखही हलत नाहीं, आणि मागें दिवस मोजण्यास ती तितकीच उपयोगी पडते.

परसांतील चूल मात्र अजून पुष्कळ घरीं शाबूत आहे. टांकी महाग झाली किंवा वेळेवर आली नाहीं म्हणजे ती पेटते, आंघोळीचें पाणी तिच्यावर तापतें, बाजरीची भाकरी तिच्यावरच खरी होते असें म्हातारीं माणसें म्हणतात. गिलाव्यास पाणी मारण्याचे ते सात-दहा दिवस घराचें जेवण तिच्यावरच होतें, आणि दर उन्हाळ्यांत कोणीतरी माती भिजवून तिला नवा हात देतें.